संसदेपासून पेपरपर्यंत सगळे ज्याच्यावर हसले, त्या कॅप्टनने जगाला हवामानाचा अंदाज दिला

जून महिना लागला की कोकणातून एक बातमी हमखास येते. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला.

शहरातला माणूस ही बातमी वाचून पुढे जातो. पण मिरकरवाड्यातल्या किंवा मालवणातल्या एखाद्या पोराला विचारा, ते लगेच सांगेल. तीन नंबर म्हणजे बंदराला वादळी वाऱ्याचा धोका आहे, होड्या पाण्यात घालायच्या नाहीत.

आपण त्याला बावटा म्हणतो, पण तिथे नेहमीचं कापडी निशाण नसतं. दिवसा काठीवर शंकू आणि नळकांड्याच्या आकाराच्या वस्तू टांगायच्या आणि रात्री लाल-पांढरे दिवे लावायचे, अशी ती पद्धत आहे. लांबून, धुरकट हवेतून, लिहितावाचता न येणाऱ्या खलाशालाही कळलं पाहिजे हा त्यामागचा विचार.

शंकू आणि ढोल टांगून वादळाचा इशारा द्यायची ही पद्धत इंग्लंडच्या किनाऱ्यावर १८६१ साली सुरू झाली. ती सुरू करणाऱ्या माणसाचं नाव होतं रॉबर्ट फिट्झरॉय.

नाव ओळखीचं वाटत नसेल, पण त्याच्या जहाजाचं नाव तुम्ही शाळेत वाचलेलं आहे. बीगल. चार्ल्स डार्विन ज्या जहाजातून जगाला वळसा घालून आला त्या जहाजाचा कॅप्टन म्हणजे हाच फिट्झरॉय. डार्विनचं नाव झालं आणि कॅप्टन तळटीपेत गेला. खरं तर रोज सकाळी मोबाईलवर जे ढगाचं आणि सूर्याचं चित्र आपण बघतो, त्याची सुरुवात या तळटीपेतल्या माणसापासून होते.

आणि त्याने त्याची किंमतही मोजली.

राजाच्या वंशातला पोरगा

फिट्झरॉयचा जन्म ५ जुलै १८०५ चा, इंग्लंडमधल्या सफक परगण्यातला. घराणं मोठं. थेट राजा दुसरा चार्ल्स याच्यापर्यंत वंशावळ जाते. आजोबा ड्यूक ऑफ ग्राफ्टन हे इंग्लंडचे पंतप्रधान राहिलेले. मामा लॉर्ड कॅसलरे हा देशाचा परराष्ट्रमंत्री.

बारा वर्षांचा असताना पोरगं पोर्ट्समाउथच्या नौदल विद्यालयात दाखल झालं. अभ्यासात इतकं हुशार निघालं की लेफ्टनंटच्या परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळवले. असं याआधी कुणी केलं नव्हतं.

पण याच काळात घरात एक वाईट गोष्ट घडली. १८२२ साली मामाने, म्हणजे कॅसलरेने, मानसिक आजारात आत्महत्या केली. फिट्झरॉय तेव्हा सतरा वर्षांचा होता. आपल्या रक्तातही हेच असेल का, ही भीती तेव्हा मनात शिरली आणि ती आयुष्यभर गेली नाही.

बीगल त्याच्या हातात आलं तेही अशाच एका घटनेनंतर. हे जेमतेम ९० फूट लांबीचं जहाज दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी किनाऱ्याचे नकाशे काढायला गेलेलं. तिकडची थंडी, वारा, महिनोन्महिने माणसाचं तोंड नाही. १८२८ मध्ये बीगलचा कॅप्टन प्रिंगल स्टोक्स याने खचून स्वतःवर गोळी झाडून घेतली. त्या रिकाम्या जागेवर २३ वर्षांच्या फिट्झरॉयला बसवण्यात आलं.

बॅरोमीटर सांगत होता, पण...

जहाज ताब्यात घेऊन महिना-दीड महिना झाला असेल. जानेवारी १८२९. बीगल रिओ दे ला प्लाटा नदीच्या मुखाजवळ होतं. बॅरोमीटरमधला पारा खाली खाली चालला होता. आकाशाचा रंगही बिघडला होता. नव्या कॅप्टनने त्याकडे हवं तितकं लक्ष दिलं नाही.

थोड्याच वेळात पाम्पेरो आला. पाम्पेरो म्हणजे अर्जेंटिनाच्या गवताळ मैदानांवरून समुद्राकडे सुटणारा थंड, अचानक येणारा वारा. बीगल एका कुशीवर कलंडलं, डोलकाठ्यांचे शेंडे मोडून पडले आणि दोन खलाशी गेले.

ती दोन माणसं आपल्या चुकीमुळे गेली असं फिट्झरॉय मानत राहिला. त्यानंतर त्याने बॅरोमीटरकडे कधी दुर्लक्ष केलं नाही. पुढे त्याने जे काही उभं केलं, त्याचं मूळ या दुपारी आहे असं म्हणायला हरकत नाही.

आता बॅरोमीटर म्हणजे नेमकं काय, तर हवेचं वजन मोजायचा काटा. आपल्या डोक्यावर हवेचा मोठा थर आहे आणि त्याला वजन आहे. ते वजन काचेच्या नळीतला पारा साधारण ७६० मिलिमीटरपर्यंत वर ढकलून धरतं. पारा उतरला म्हणजे वरच्या हवेचं ओझं कमी झालं. ओझं कमी झालं की आजूबाजूची हवा त्या जागेकडे धाव घेते, तोच वारा. आणि चारी बाजूंनी आलेल्या हवेला जमिनीत तर जाता येत नाही. ती वर चढते.

ढगांची गोष्ट इथूनच सुरू होते.

हवा वर गेली की तिच्यावरचा दाब कमी होतो, ती पसरते आणि पसरताना थंड होते. सायकलच्या ट्यूबमधली हवा सोडली की व्हॉल्व्ह गार लागतो, तसंच. कोरडी हवा एक किलोमीटर वर चढली की साधारण १० अंशांनी गार होते. गार हवेत वाफ फार काळ वाफ म्हणून टिकत नाही, तिचं पाणी व्हायला लागतं. पण पाणी व्हायलाही काहीतरी धरायला लागतं. हवेत तरंगणारा समुद्राच्या मिठाचा कण, धुळीचा कण, धुराचा कण. त्या कणाभोवती वाफ बसते आणि इवलासा थेंब तयार होतो. असे अब्जावधी थेंब एकत्र दिसले की आपण म्हणतो ढग आले.

हा थेंब केवढा? मिलिमीटरच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागाएवढा. तो खाली पडत नाही, कारण वर चढणारी हवा त्याला सहज तरंगत ठेवते. पावसाचा एक बऱ्यापैकी थेंब बनायला असे दहा लाखांच्या आसपास थेंब एकत्र यावे लागतात. म्हणून प्रत्येक ढग बरसत नाही.

आपल्याकडे हवेला वर ढकलायचं काम सह्याद्री करतो. अरबी समुद्रावरून आलेली ओली हवा घाटाला धडकते, वर चढते, गार होते आणि महाबळेश्वरला कोसळते. घाट उतरून तीच हवा वाईला पोचेपर्यंत तिच्यातलं बरंचसं पाणी संपलेलं असतं. इंग्लंडमध्ये एवढा डोंगर नाही. तिथे हवेला वर कोण ढकलतं? या प्रश्नाचं उत्तर फिट्झरॉयने पुढे शोधलं, पण त्याला अजून बरीच वर्षं होती.

डार्विन, भांडणं आणि रिकामा खिसा

२७ डिसेंबर १८३१ ला बीगल पुन्हा निघालं. लांबच्या सफरीत कॅप्टन एकटा पडतो आणि एकटेपणाने आधीच्या कॅप्टनचं काय झालं हे फिट्झरॉयला माहीत होतं. म्हणून त्याला आपल्या बरोबरीने जेवायला बसेल, गप्पा मारेल असा शिकलेला सोबती हवा होता. २२ वर्षांचा डार्विन भेटायला आला, तर फिट्झरॉयला त्याचं नाकच पटेना. चेहऱ्यावरून स्वभाव ओळखता येतो असं मानणारे तेव्हा बरेच लोक होते, त्यातलाच हा एक. अशा नाकाचा माणूस चिकाटीचा नसणार असं त्याला वाटलं. नशीब, विचार बदलला.

पाच वर्षं दोघं एका टेबलावर जेवले. ब्राझीलमध्ये गुलामगिरीवरून कडाक्याचं भांडण झालं, मग कॅप्टननेच माफी मागितली. भूगर्भशास्त्रावरचं लायेलचं पुस्तक डार्विनला फिट्झरॉयनेच दिलं, आणि त्या पुस्तकाने डार्विनचं डोकं कुठल्या कुठे नेलं हे जगाला माहीत आहे.

या सफरीतली दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते. वाऱ्याचा जोर ० ते १२ आकड्यांत मोजायची ब्यूफोर्टची मोजपट्टी अधिकृतपणे पहिल्यांदा वापरली गेली ती बीगलवर. आजही चक्रीवादळाच्या बातम्यांत वाऱ्याचा जोर सांगताना जी वर्गवारी वापरतात तिचं मूळ तिथलंच.

फिट्झरॉयचं काम इतकं चोख होतं की त्याने काढलेले किनाऱ्याचे नकाशे पुढे कित्येक दशकं जहाजं वापरत होती. पण स्वभाव असा की काम नीट व्हावं म्हणून स्वतःच्या खिशात हात घालायचा. मोजणी लवकर व्हावी म्हणून त्याने सरकारला न विचारता पदरच्या पैशाने आणखी एक जहाज घेतलं. नौदलाने एक पैसाही द्यायला नकार दिला. जहाज विकावं लागलं. त्या धक्क्याने तो इतका खचला की चिलीच्या वाल्पाराइसो बंदरात त्याने कॅप्टनपद सोडायचं ठरवलं होतं. सहकाऱ्यांनी समजावून त्याला परत उभा केला.

१८३६ ला जहाज घरी आलं. पुढची काही वर्षं भराभर सांगण्यासारखीच आहेत. लग्न, भौगोलिक संस्थेचं सुवर्णपदक, खासदारकी. १८४३ मध्ये न्यूझीलंडचा गव्हर्नर म्हणून नेमणूक. तिथे गोरे वसाहतवाले आणि माओरी यांच्यात जमिनीवरून मारामाऱ्या चालू होत्या. एका रक्तरंजित प्रकरणात चूक गोऱ्यांची होती असा निवाडा त्याने दिला आणि गोरे त्याच्यावर उलटले. तिजोरी रिकामी, सैन्य तुटपुंजं. १८४५ मध्ये लंडनने त्याला परत बोलावलं. १८५२ मध्ये पहिली बायको वारली. पन्नाशीच्या आत या माणसाचं सगळं होऊन गेल्यासारखं झालं होतं.

संसदेत हशा पिकला

१८५४ मध्ये ब्रिटिश सरकारच्या व्यापार मंडळाने हवामानाचा एक छोटा विभाग काढला. काम काय, तर जहाजांच्या कॅप्टनांकडून समुद्रावरच्या वाऱ्याच्या नोंदी गोळा करायच्या आणि तक्ते बनवायचे. कोणत्या महिन्यात कुठे कसा वारा असतो हे कळलं की सफरीचे दिवस वाचतात, पैसे वाचतात. हाताखाली मोजकी माणसं. या विभागाचा प्रमुख म्हणून फिट्झरॉयला नेमलं. थोडक्यात कारकुनी. उद्या पाऊस पडेल का हे सांगायचं काम त्याला कुणीही दिलेलं नव्हतं.

त्याच वर्षी संसदेत एका खासदाराने सहज एक कल्पना मांडली. उद्या लंडनमध्ये हवा कशी असेल हे चोवीस तास आधी कळू शकेल, असं तो म्हणाला. सभागृहात हशा पिकला. संसदेच्या कामकाजाच्या नोंदीत तो हशा आजही छापलेला आहे.

हसणाऱ्यांना दोष देता येत नाही. तेव्हा हवामान सांगायचे ते पंचांगवाले, ज्योतिषी, नाहीतर गुडघा दुखला की पाऊस येतो म्हणणारे म्हातारे. ढगांना निदान शास्त्रीय नावं मिळाली होती. ल्यूक हॉवर्ड नावाच्या लंडनमधल्या एका औषधवाल्याने १८०२ मध्ये पिसासारखे, ढिगासारखे आणि थरासारखे असे ढग वेगळे करून त्यांना लॅटिन नावं दिली होती. पण नावं देणं वेगळं आणि उद्या कोणता ढग येणार हे सांगणं वेगळं.

फिट्झरॉय मात्र नोंदी बघत होता आणि त्याला काहीतरी दिसायला लागलं होतं. त्याने पहिली गोष्ट केली ती मच्छीमारांसाठी. स्वस्त आणि दणकट बॅरोमीटर बनवून घेतले आणि ते किनाऱ्यावरच्या गरीब कोळी गावांत भिंतीवर लावायला दिले. पारा कसा वाचायचा याची साध्या भाषेतली पुस्तिकाही लिहिली. यातले काही बॅरोमीटर आजही ब्रिटनमधल्या जुन्या बंदरांच्या भिंतींवर आहेत.

जाता जाता एक सांगायला हवं. ऑनलाइन दुकानांत स्टॉर्म ग्लास नावाची एक काचेची बाटली मिळते. आत कापराचे पांढरे स्फटिक बनतात आणि त्यावरून हवामान कळतं म्हणे. तीही फिट्झरॉयच्या नावावर विकली जाते, कारण त्याने तिचं वर्णन लिहून ठेवलं होतं. शोभेला चांगली आहे. पण ती मुख्यतः खोलीतल्या गरमी-थंडीला दाद देते, वादळाला नाही.

सोनं घेऊन येणारं जहाज

ऑक्टोबर १८५९. रॉयल चार्टर नावाचं जहाज ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नहून लिव्हरपूलला निघालं होतं. आत सोन्याच्या खाणींत कमाई करून घरी परतणारी माणसं. सोबत बायका-पोरं. अर्ध्या जगाचा प्रवास सुखरूप झाला होता. घर अगदी काही तासांवर आलं होतं.

२५ ऑक्टोबरच्या रात्री वादळाने गाठलं. २६ च्या पहाटे वेल्सच्या अँगलसी बेटाच्या खडकांवर जहाज आपटून फुटलं. जमीन हाकेच्या अंतरावर होती. सुमारे ४५० माणसं मेली. चाळीसच्या आसपास पुरुष वाचले. एकही बाई नाही, एकही मूल नाही. त्या वादळात ब्रिटनच्या किनाऱ्याभोवती १३३ जहाजं बुडाली आणि मृतांचा आकडा ८०० च्या घरात गेला.

फिट्झरॉयने त्या दोन-तीन दिवसांच्या सगळ्या नोंदी मागवल्या. दीपगृहांच्या, जहाजांच्या, वेधशाळांच्या. एकाच वेळी ठिकठिकाणी दाब किती, वारा कुठून, हवा गरम की थंड हे त्याने नकाशावर मांडलं. आणि वादळाचं चित्र समोर उभं राहिलं. ते एखाद्या भोवऱ्यासारखं गोल फिरत, ठराविक दिशेने पुढे सरकत गेलं होतं.

भोवऱ्याची कल्पना नवी नव्हती. सायक्लोन हा शब्दच मुळी कोलकात्यात जन्मला. तिथल्या सागरी न्यायालयाचे अध्यक्ष हेन्री पिडिंग्टन यांनी बंगालच्या उपसागरातली वादळं अभ्यासून तो घडवला होता. फिट्झरॉयला जे दिसलं ते याच्या पुढचं होतं.

वादळ तासाला तीस-चाळीस-पन्नास किलोमीटरने जातं. तारेचा संदेश क्षणात जातो.

बस, एवढंच. पण याआधीच्या माणसाकडे ही सोय नव्हती. घोड्यावरचा माणूस वादळाच्या पुढे पळू शकत नव्हता, टेलिग्राफची तार पळू शकत होती. एका टोकाला वादळ दिसलं की दुसऱ्या टोकाच्या बंदराला कळवायचं. रॉयल चार्टरच्या वेळी तारा होत्या, बॅरोमीटर होते. जोडणारी यंत्रणा तेवढी नव्हती.

फिट्झरॉयने सरकारच्या मागे लागून ती उभी केली. किनाऱ्यावरची तेरा तार-केंद्रं मंजूर झाली. हॉलंडमध्येही याच सुमारास असे इशारे सुरू झाले होते, पण ब्रिटनचा पसारा मोठा होता. फेब्रुवारी १८६१ मध्ये पहिला वादळाचा इशारा गेला. शंकूचं टोक वर असेल तर उत्तरेकडून वादळ, टोक खाली असेल तर दक्षिणेकडून. सोबत ढोल असेल तर वारा दिशा बदलत जोरात येणार. रात्री याच आकारात कंदील. सुरुवातीला काही बंदरांत लोकांनी दुर्लक्ष केलं आणि ते महागात पडलं. मग शंकू दिसला की होड्या थांबायला लागल्या.

पहिला अंदाज

रोज सकाळी आठ वाजता ठिकठिकाणी दाब, तापमान, हवेतला ओलावा, वारा, ढग आणि पाऊस यांच्या नोंदी घ्यायच्या. दहापर्यंत त्या तारेने लंडनला. हिशेब, दुरुस्त्या, विचार. अकराच्या सुमारास निष्कर्ष तयार. हे सगळं रोज करतोच आहोत, मग वादळ नसलेल्या दिवशीही हवा कशी असेल हे का सांगू नये?

१ ऑगस्ट १८६१ च्या टाइम्स या वर्तमानपत्रात तो छापून आला. देशाचे काही भाग पाडून पुढच्या दोन दिवसांची हवा. उत्तरेकडे मध्यम पश्चिमी वारा, पश्चिमेकडे मध्यम नैर्ऋत्येचा, दक्षिणेकडे जरा जोराचा पश्चिमी. सगळीकडे हवा छान. दोन-चार ओळी, कोपऱ्यात. वर्तमानपत्रातला रोजचा हवामान अंदाज तिथे जन्मला.

त्यासाठी इंग्रजीतला फोरकास्ट हा शब्दही त्यानेच हवामानाला चिकटवला. भविष्य किंवा भाकीत असे शब्द त्याने मुद्दाम टाळले. आपण जोतिष सांगत नाही, नोंदी आणि हिशेबावरून मत देतो आहोत, हे लोकांच्या मनावर ठसवायचं होतं. मराठीत आपण त्याला अंदाज म्हणतो. त्याला हवा होता तो अर्थ आपल्या शब्दात आयताच आहे.

आणि इंग्लंडमध्ये हवेला वर कोण ढकलतं, त्याचं उत्तर. फिट्झरॉयच्या मते त्या बेटांवर दोन प्रवाह सतत एकमेकांना भिडतात. ध्रुवाकडून येणारा थंड आणि कोरडा, आणि उष्ण भागाकडून येणारा गरम आणि ओला. गरम हवा हलकी, ती थंड हवेच्या अंगावर चढते. तिथे डोंगराचं काम थंड हवाच करते! म्हणून तिकडे आधी उंचावर पिसासारखे पातळ ढग दिसतात, मग राखाडी थर, मग पाऊस. दोन प्रवाहांच्या सीमेवर भोवरे बनतात. १८६३ च्या त्याच्या हवामानावरच्या पुस्तकात या भोवऱ्यांचं चित्र आहे. आज उपग्रहाने काढलेल्या ढगांच्या फोटोशेजारी ते ठेवलं तर माणूस चकित होतो. नॉर्वेच्या शास्त्रज्ञांनी हीच कल्पना गणितासह मांडली ती पहिल्या महायुद्धानंतर.

पण सगळंच त्याला जमलं असं नाही. चंद्र-सूर्यामुळे समुद्राला भरती येते तशीच हवेला येते आणि त्याने हवामान ठरतं, यावर तो नको इतका भर देत होता. त्याच्याकडे मोजकी केंद्रं होती, अटलांटिकवरून येणाऱ्या हवेची आगाऊ नोंद मिळायला काहीच साधन नव्हतं. आणि एका गावावर, एका तासात काय होईल हे तर आजही अवघड आहे. कोथरूडला धो धो आणि हडपसरला ऊन असं होतं ते यामुळेच. पावसाळी गडगडाटी ढग काही किलोमीटरचा असतो, तासाभरात बनतो आणि संपतो. मोठं वादळ दोन दिवस आधी दिसतं, हा ढग दोन तास आधीही दिसेल याची खात्री नसते.

कौतुक आणि टोमणे

लोकांना अंदाज प्रचंड आवडला. राणी व्हिक्टोरियासुद्धा बेटावरच्या राजवाड्यात जायला बोटीत बसण्याआधी फिट्झरॉयकडे माणूस पाठवून हवा विचारायची.

आणि चुकला की तेवढंच हसं व्हायचं. आज हवामान खात्यावर मीम बनतात, तेव्हा व्यंगचित्रं आणि टोमणे होते. १८६४ मध्ये खुद्द टाइम्सने, जो पेपर त्याचे अंदाज रोज छापत होता त्यानेच, चुकलेल्या अंदाजांवरून अंग काढून घेतलं. शास्त्रज्ञांचं म्हणणं होतं की याला नीट सिद्धान्त नाही, हे शास्त्र नव्हेच. मच्छीमार बोटींच्या मालकांची तक्रार वेगळी होती. शंकू दिसला की खलाशी बंदरात बसून राहतात, धंदा बुडतो. बोटीवर जीव धोक्यात घालणारा माणूस मात्र तक्रार करत नव्हता. या दोन माणसांच्या मतांत फरक का होता, हे कळायला फार हुशारी लागत नाही.

यात डार्विनचं दुखणं होतं. फिट्झरॉय आता कमालीचा धार्मिक झाला होता आणि डार्विनचा उत्क्रांतीचा ग्रंथ रॉयल चार्टर बुडालं त्याच्या पुढच्याच महिन्यात आला. माकड-माणूस वादावरची ऑक्सफर्डची गाजलेली सभा झाली १८६० च्या जूनमध्ये. फिट्झरॉय तिकडे गेला होता तो वादळांवरचा निबंध वाचायला. पण त्या सभेत तो उभा राहिला, हातात बायबल उंच धरून आपल्या जुन्या सोबत्याच्या पुस्तकाविरुद्ध बोलला. लोकांनी त्याला बसवलं. त्या माणसाला हे सगळं आपण घडवून आणलं असं वाटत होतं. डार्विनला जहाजावर आपणच तर घेतलं होतं.

नोकरीतही घाव होते. व्यापार मंडळातलं वरचं पद मिळेल अशी आशा होती, ते बीगलवर त्याच्या हाताखाली काम केलेल्या सलिव्हनला मिळालं. पैसे संपले होते. वडिलोपार्जित सहा हजार पौंडांच्या आसपासची संपत्ती त्याने नकाशे, जहाजं आणि सरकारी कामांत घालवली होती. ऐकू कमी यायला लागलं, झोप उडाली, डॉक्टरांनी काम थांबवायला सांगितलं. पण अंदाज रोजचा असतो. त्याला रविवार नसतो.

३० एप्रिल १८६५, रविवार. सकाळी घरातली माणसं चर्चला जायच्या तयारीत होती. फिट्झरॉय उठला, झोपलेल्या मुलीच्या खोलीत जाऊन तिचा मुका घेतला आणि आपल्या खोलीत जाऊन आतून कडी लावली. ज्या गोष्टीची भीती त्याने सतरा वर्षांचा असल्यापासून बाळगली होती, तीच झाली. वय ५९.

घरात कर्ज होतं. मित्रांनी निधी जमवला, त्यात डार्विनने १०० पौंड घातले. राणीने विधवेला हॅम्पटन कोर्ट राजवाड्यात राहायला जागा दिली.

शंकू उतरवले, पुन्हा चढवले

फिट्झरॉयच्या कामाची चौकशी करायला समिती नेमली गेली. तिचं नेतृत्व होतं फ्रान्सिस गाल्टनकडे, जो नात्याने डार्विनचा भाऊ. समितीने अंदाजांना शास्त्रीय आधार नाही असा ठपका ठेवला. १८६६ मध्ये रोजचे अंदाज बंद झाले, वर्ष संपता संपता वादळाचे इशारेही बंद झाले.

मग बंदरांतून ओरड सुरू झाली. खलाशी, मच्छीमार, बंदरांचे अधिकारी विचारायला लागले, शंकू कुठे गेले? शास्त्राला सिद्धान्त हवा असेल, त्यांना शंकू हवे होते. १८६७ मध्ये सरकारने इशारे परत सुरू केले. रोजचा अंदाज मात्र परत यायला १८७९ उजाडलं.

तोपर्यंत भारतातही चक्रं फिरली होती. १८६४ च्या चक्रीवादळाने कोलकात्याची वाताहत केली, पाठोपाठ दुष्काळ पडले आणि १८७५ मध्ये भारतीय हवामान खातं स्थापन झालं. १९२८ मध्ये त्याचं मुख्यालय शिमल्याहून पुण्याला आलं. पुण्यातल्या जुन्या लोकांच्या तोंडी असलेलं सिमला ऑफिस ते हेच.

ब्रिटनमध्ये समुद्री भागांचे अंदाज रेडिओवर सांगतात. त्यासाठी समुद्राचे तुकडे पाडून त्यांना नावं दिली आहेत. त्यातल्या फिनिस्टेअर नावाच्या तुकड्याचा स्पेनच्या त्याच नावाच्या दुसऱ्या तुकड्याशी घोळ व्हायचा, म्हणून २००२ मध्ये त्याचं नाव बदललं. नवीन नाव फिट्झरॉय. आता तिथे वादळ येणार असेल तर खलाशांना फिट्झरॉयचं नाव घेऊन इशारा दिला जातो.

आणि ज्या विभागात तो मोजक्या माणसांना घेऊन बसायचा, त्या विभागाची आज मेट ऑफिस नावाची संस्था झाली आहे. ती एक्सेटर शहरात आहे. पत्ता, फिट्झरॉय रोड.